दीडशे अँपिअर-तास, चार उन्हाळे: एका ट्यूब्युलर बॅटरीचा अनुभव

इन्व्हर्टरच्या बॅटरीविषयी ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. बहुतेक अभिप्राय बॅटरी घरी आल्यानंतर आठ-पंधरा दिवसांच्या आत लिहिलेले असतात आणि त्यांत ‘बॅकअप छान आहे’ यापलीकडे फारसे काही नसते. नवी बॅटरी छान चालणारच. तिचे गुणदोष दिसायला निदान दोन उन्हाळे जावे लागतात. मार्च २०२१ मध्ये घेतलेल्या बॅटरीविषयी मी सप्टेंबर २०२४ मध्ये लिहीत आहे, ते एवढ्याचसाठी. मधल्या काळात चार उन्हाळे झाले, एकदा माझ्याच निष्काळजीपणामुळे बॅटरी पार रिकामी झाली, आणि दर पंधरवड्याला घेतलेल्या नोंदींनी दोनशे पानी वहीचा अर्ध्याहून अधिक भाग भरला. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, पण मोजून पाहण्याची सवय सुटली नाही.

वस्तू अशी आहे: १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची, शिसे आणि सल्फ्युरिक ॲसिड यांवर चालणारी उंच ट्यूब्युलर बॅटरी. ३६ महिने मोफत बदलून देण्याची हमी आणि पुढील २४ महिने प्रमाणशीर सवलत, असा करार आहे. कंपनीचे व दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. येथील बहुतेक निरीक्षणे या प्रकारच्या कोणत्याही बॅटरीला लागू पडतील, आणि ज्या तक्रारी आहेत त्या एका नगावरून एखाद्या कंपनीच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

बॅटरी घरी आली तेव्हा ती उचलायला दोन माणसे लागली आणि तरीही त्यांना जिन्यात एकदा टेकावे लागले. पन्नास किलोंहून अधिक वजनाच्या या पेटीत प्रत्यक्ष कामाचा माल किती, असा प्रश्न माझ्या मनात तेव्हाच आला. किती विजेला किती पदार्थ लागतो हे सांगणाऱ्या मायकेल फॅरडे यांच्या नियमाने त्याचे उत्तर काढता येते. १५० अँपिअर-तास म्हणजे पाच लाख चाळीस हजार कूलोम (कूलोम हे विद्युत प्रभाराचे एकक). एका मोलला (मोल म्हणजे कणांची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक) ९६,४८५ कूलोम या हिशेबाने प्रत्येक सेलमधून साधारण ५.६ मोल इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. तेवढ्यासाठी एका सेलमध्ये सुमारे ५८० ग्रॅम शिसे, ६७० ग्रॅम लेड डायऑक्साइड आणि ५५० ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड पुरते. सहा सेलचे मिळून होतात फार तर अकरा किलो. उरलेल्या वजनात ॲसिडातील पाणी, जाळ्या, पट्ट्या आणि प्लास्टिकची पेटी तर आहेच, पण असेही बरेच शिसे आहे की ज्याच्यापर्यंत ॲसिडातील आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेले कण, वेळेत पोचतच नाहीत. बॅटरीवर छापलेला आकडा आणि आपल्याला मिळणारा बॅकअप यांच्यातील तफावत बरीचशी या न पोचण्यातून येते.

यासाठी आत काय चालते ते थोडे सांगावे लागेल. पंखा फिरतो तेव्हा तांब्याच्या तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. मात्र बॅटरीच्या आत, दोन पट्ट्यांमधील ॲसिडात, एकही मोकळा इलेक्ट्रॉन फिरत नाही. तेथे प्रभार वाहून नेण्याचे काम आयन करतात: धन प्रभाराचे हायड्रोजन आयन आणि ऋण प्रभाराचे बायसल्फेट व सल्फेट आयन. आयनांना वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनांना अडवायचे, हाच विद्युत अपघटनी द्रावणाचा, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडासारख्या द्रावणाचा, गुण आहे. ॲसिडातून इलेक्ट्रॉन सरळ पलीकडे जाऊ शकले असते, तर पंख्याकडे जाण्याचे त्यांना कारणच उरले नसते आणि बॅटरी दुकानातल्या दुकानात संपली असती. ‘आयन’, ‘धनाग्र’, ‘ऋणाग्र’ या मूळ संज्ञा फॅरडे यांनी १८३४ मध्ये रूढ केल्या. ‘आयन’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘जाणारा’ असा आहे. मात्र विजेच्या दाबामुळे रेणू फुटतात आणि मग आयन तयार होतात, अशी त्या काळची समजूत होती. पाण्यात विरघळल्याबरोबर विचरण होते, म्हणजे पदार्थ आयनांत विभागला जातो, आणि आयन आधीपासूनच सुटे असतात, हे स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधातून मांडायला सुरुवात केली. उप्साला विद्यापीठाने त्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली होती. पुढे १९०३ मध्ये त्याच विचाराला नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षक म्हणून आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत आठवली की अजूनही जरा संकोच वाटतो.

आता ॲसिडाविषयी. ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्ज झाल्यावर ॲसिडाचे विशिष्ट गुरुत्व (म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड आहे) २७ अंश सेल्सिअसला १.२४० च्या आसपास असते, म्हणजे वजनाने साधारण एक-तृतीयांश ॲसिड आणि बाकीचे पाणी. हे प्रमाण कंपन्यांनी सहज म्हणून ठरवलेले नाही. सल्फ्युरिक ॲसिडाची वाहकता सुमारे तीस टक्क्यांच्या जवळपास सर्वाधिक असते, तेथे ती प्रति सेंटिमीटर ०.८ सीमेन्सच्या (सीमेन्स हे वीज वाहण्याच्या क्षमतेचे एकक) आसपास जाते, आणि त्यापेक्षा ॲसिड पातळ केले तरी वाहकता घटते, कडक केले तरी घटते. पातळ केल्यास आयन कमी होतात. फार कडक केल्यास त्यांना सुटे करणारे पाणीच अपुरे पडते आणि द्रावणही घट्ट होत जाते. तुलनेसाठी सांगतो: अगदी शुद्ध पाण्याची वाहकता या ॲसिडाच्या सुमारे दीड कोटीव्या हिश्श्याइतकी भरते. त्यामुळे ‘पाणी टाकले की करंट वाढतो’ ही समजूत अर्धीच खरी आहे. डिस्टिल्ड वॉटर स्वतः वीज वाहत नाही. ते फक्त आयनांना फिरायला जागा भरून देते.

या ॲसिडातील प्रवाहाचा सुमारे चार-पंचमांश भाग एकटे हायड्रोजन आयन वाहतात. पाण्यात सोडियम आयनाची वाहकता ५० धरली, तर त्याच मापाने पोटॅशियमची ७३ च्या आसपास येते आणि हायड्रोजनची थेट ३५० होते. याचे कारण मोठे गमतीचे आहे. घराचा स्लॅब पडतो तेव्हा काँक्रीटची घमेली खालून वर हातोहात जातात. कोणताही मजूर आपली जागा सोडत नाही, तरी माल मात्र झपाट्याने चढतो. हायड्रोजन आयनही असाच पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. या कल्पनेचे पहिले रूप ग्रोटहुस या रसायनशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये मांडले होते, जेव्हा पाण्याच्या रेणूचे सूत्रदेखील नक्की झालेले नव्हते. सोडियमसारख्या इतर आयनांना मात्र घमेले घेऊन जिना स्वतः चढावा लागतो. अर्थात ‘झपाट्याने’ हा शब्दही बेतानेच घ्यावा: एका सेंटिमीटरमागे एक व्होल्टचा दाब दिला तरी पाण्यातील हायड्रोजन आयन ताशी तेरा सेंटिमीटरांच्या आसपासच सरकतो. वीज गेल्याबरोबर दिवा लागतो, तो आयन धावत पलीकडे पोचतात म्हणून नाही. सगळे आयन एकाच वेळी आपापल्या जागी हलू लागतात म्हणून.

इतके सांगितल्यावर बॅकअपचा हिशेब नीट समजेल. आमच्या घरी वीज गेली की चार पंखे आणि काही दिवे चालतात, मिळून ३६० वॉट. इन्व्हर्टरमधील नुकसान धरता बॅटरीतून सुमारे ३५ अँपिअर ओढले जातात. दुकानदाराने १५० ला ३५ ने भागून ‘सव्वाचार तास कुठे गेले नाहीत’ असे सांगितले होते. मला पहिल्या उन्हाळ्यात तीन तास दहा मिनिटे मिळाली. यात फसवणूक कोणाची झालेली नाही, पण माहिती मात्र अर्धवट दिली गेली. १५० हा आकडा वीस तासांच्या दराने काढलेला आहे. म्हणजे बॅटरीतून केवळ साडेसात अँपिअर घेतले तरच ती १५० अँपिअर-तास देते. तो दर लेबलवर ‘सी-२०’ असा बारीक अक्षरात छापलेला असतो आणि दुकानात तो कोणी मोठ्याने वाचत नाही.

पाचपट वेगाने वीज घेतली की एवढे का घटते? या बॅटरीच्या धन बाजूला शिशाच्या मिश्रधातूच्या सळ्या असतात, त्यांभोवती विणलेल्या पॉलिएस्टरच्या नळ्या, आणि नळ्यांत ठासलेले लेड डायऑक्साइड. त्या ठासलेल्या मालाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत जे ॲसिड असते ते आधी वापरले जाते आणि तेथे पाणी तयार होते. बाहेरचे ताजे ॲसिड त्या छिद्रांत शिरते ते मुख्यतः विसरणाने, म्हणजे अत्तराचा वास खोलीभर पसरावा तसे, आपल्या गतीने. पंखे सावकाश वीज मागत असतील तर ही आवक पुरते. ३५ अँपिअरना ती पुरत नाही. बाहेर ॲसिड भरपूर असूनही छिद्रांतला माल उपाशी राहतो, व्होल्टेज पडते आणि इन्व्हर्टर टूं-टूं करत बंद होतो. याचा पडताळा कोणालाही घेता येईल. इन्व्हर्टर बंद पडल्यावर मी अर्धा तास काहीच केले नाही आणि मग फक्त एक पंखा लावला; तो जवळजवळ तासभर चालला. ‘बॅटरी आराम केल्यावर पुन्हा ताजी होते’ असे जे आमच्याकडे म्हणतात, त्यात तथ्य आहे. तो आराम आयनांना आत पोचायला मिळालेला वेळ असतो. हा प्रयोग मी एकदाच केला आणि इतरांनी तो वारंवार करू नये, कारण इतकी खोल रिकामी केलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

बॅटरी घेण्यापूर्वी हे एवढे माहीत असते तर मी पंखे बदलण्यावर आधी खर्च केला असता. तो मी २०२३ मध्ये केला. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविना मोटरचे, पंखे लावल्यावर एकूण भार सुमारे १८० वॉटवर आला. भार निम्मा झाला, मात्र बॅकअप दुपटीहून बराच अधिक वाढला. बॅटरी जुनी झालेली असूनही सात तासांच्या वर गेला. हळूहळू मागितले की जास्त मिळते, हे या बॅटरीचे सर्वांत उपयोगी वैशिष्ट्य आहे आणि तिच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख एका ओळीतही नाही.

देखभालीच्या बाबतीत ही बॅटरी वेळ मागते. सहा झाकणांवर पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दांडे आहेत: हिरवी खूण वर असली की पाणी पुरेसे, लाल दिसली की भरा. कल्पना चांगली आहे, पण दोन झाकणांतील दांडे दुसऱ्या वर्षीच अडकू लागले, पाणी कमी होऊनही हिरवेच दिसत राहिले, आणि बोटाने टिचकी मारल्यावर खाली गेले. अशा दांड्यांवर विसंबू नये, टॉर्च लावून आत पाहावे. पाणी भरताना सुती कपडे अंगावर असतील तर जपावे. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालेला थेंब त्या दिवशी दिसला नाही. धुऊन आल्यावर तेथे वाटाण्याएवढे भोक होते.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पाणी फार लवकर संपते. हिवाळ्यात तीन महिने भरण्याची गरज पडत नाही. मे महिन्यात सहा आठवड्यांत एक लिटर लागले. हे पाणी निव्वळ वाफ होऊन जात नाही, बरेचसे फुटते. बॅटरी भरून झाल्यावरही चार्जरने प्रवाह ढकलत ठेवला की पाण्याचे विद्युत अपघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. एक अँपिअर-तास जादा गेला की सेलमागे पाण्याचा एक-तृतीयांश ग्रॅम जातो. म्हणजे सहा सेलमधून मिळून लिटरभर पाणी गेले, तर वाफेचा भाग सोडता जवळपास पाचशे अँपिअर-तास वीज फुकट गेली, आणि ती बिलात आली. दोष बॅटरीचा कमी आणि इन्व्हर्टरचा अधिक आहे. उष्णतेत आयनांची हालचाल आणि रासायनिक क्रिया दोन्ही वेगवान होतात, म्हणून तापमान एका अंशाने वाढले की चार्जिंगचे व्होल्टेज सेलमागे तीन ते पाच मिलिव्होल्टने उतरवायला हवे. माझ्या इन्व्हर्टरमध्ये तशी सोय नाही. तो जानेवारीत आणि मे महिन्यात सारखेच १४.४ व्होल्ट देतो. बॅटरी घेणाऱ्याने इन्व्हर्टरमध्ये तापमानानुसार बदल करणारी सोय आहे का, हे आवर्जून विचारावे. बाहेर पडणारा हायड्रोजन जळणारा वायू असल्याने बॅटरी देवघराशेजारी किंवा बंद कपाटात ठेवू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

याच उष्णतेची दुसरी बाजू अशी की बॅकअप उन्हाळ्यात वाढतो. थंडीच्या पहाटे खोली १४ अंशांवर असताना पावणेतीन तास देणारी बॅटरी मे महिन्यात तीन तासांच्या वर देत होती. तापलेल्या ॲसिडाचा घट्टपणा कमी होतो, आयनांना कमी अडथळा होतो, विसरणही जलद होते. ग्राहक यावर खूश होतो. त्याच दिवसांत धन पट्टीच्या सळ्या मात्र वेगाने गंजत असतात, आणि ते झाकण उघडून दिसत नाही.

पाणी कोणते टाकावे, याविषयी आमच्या गल्लीत जितकी घरे तितकी मते आहेत. कोणी एसीचे टाकतात, कोणी आरओचे, एक शेजारी पावसाचे साठवतात. मी पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा तीनशे रुपयांचा टीडीएस पेन आणला. हा पेन आयनांखेरीज दुसरे काहीच मोजत नाही: दोन पिनांमध्ये हलका उलटसुलट दाब देऊन पाण्याची वाहकता पाहतो आणि तिला एका ठरावीक अंकाने गुणून ‘पीपीएम’ (दहा लाखांत किती भाग) म्हणून दाखवतो. आमच्या विहिरीचे पाणी ६१० आले, आरओचे ७०, आणि चांगल्या डिस्टिल्ड वॉटरचे २. एका पंपावरून आणलेल्या ‘डिस्टिल्ड’ लिहिलेल्या पाच लिटरच्या कॅनचे आले ५८. ते मी कुंड्यांना घातले. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड आणि थोडे लोह असते. हेही आयनच आहेत आणि वीज वाहतातही; पण ॲसिडात वाहणाऱ्यांची टंचाई मुळीच नसते, त्यामुळे त्यांचा उपयोग शून्य. उलट लोहाचे आयन एका पट्टीवर इलेक्ट्रॉन घेतात, दुसऱ्या पट्टीवर देतात, आणि पंखा न लावताही बॅटरी उतरवत राहतात. क्लोराइड शिशाला खाते. एसीच्या पाण्यात क्षार कमी असले तरी तांब्याच्या नळीवरून आणि धुळीतून ते येते, म्हणून मी तेही टाळतो.

हायड्रोमीटर या ॲसिडाची घनता मोजणाऱ्या काचेच्या उपकरणाविषयी माझे मत फार चांगले आहे. बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य अशा पैशांत ते मिळते, आणि शिशाच्या बॅटरीचे मन ओळखण्याचा याहून सरळ मार्ग नाही. याचे कारण, या बॅटरीत ॲसिड नुसता रस्ता नसतो, मालही असतो. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट बसते, ॲसिड खर्च होते, पाणी तयार होते, आणि द्रावण हलके होते. म्हणून घनता पाहिली की किती चार्ज शिल्लक आहे ते कळते. मात्र पाणी भरल्याबरोबर कधीही मोजू नये. पहिल्याच वर्षी मी ही चूक केली. पाणी टाकून पंधरा मिनिटांत नळी बुडवली, दोन सेलमध्ये ११९० च्या (म्हणजे १.१९० च्या) खुणेच्याही खाली रीडिंग आले, आणि मी दुकानदाराला फोन करून बरेच सुनावले. नवे पाणी हलके असल्याने वरच तरंगत होते आणि हायड्रोमीटरने तेच ओढले होते. रात्रभर चार्ज होऊन बुडबुड्यांनी ॲसिड ढवळले गेल्यावर सकाळी १२३५ आले. दुकानदाराची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, “सर, तुम्हीच असं केलं तर बाकीच्यांना काय बोलू?” उंच बॅटरीत ॲसिड तळाशी साठण्याचा हा प्रकार एरवीही होतो, त्यामुळे महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज होऊ देणे आवश्यक असते.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही अठरा दिवस मुलाकडे पुण्याला गेलो. निघताना घराचा मेन स्विच मी बंद केला, इन्व्हर्टरचा केला नाही. इन्व्हर्टर स्वतःच्याच चालू राहण्यासाठी बॅटरीतून थोडी थोडी वीज घेत राहिला, आणि परत आलो तेव्हा बॅटरीवर १०.१ व्होल्ट दिसत होते. रिकाम्या पट्ट्यांवर बसलेले लेड सल्फेट असे पडून राहिले की त्याचे बारीक कण मिळून मोठे, टणक स्फटिक बनतात. ते वीज वाहत नाहीत, सहज विरघळतही नाहीत, आणि त्यांच्यात अडकलेला सल्फेट ॲसिडात परत येत नाही. चार्ज करूनही घनता १.१८० च्या पुढे जाईना, तेव्हा एका मेकॅनिकला बोलावले. त्याने नळी बुडवून पाहिली आणि निदान केले: “सर, ॲसिड पातळ झालं आहे. हे काढू, नवीन कडक ॲसिड टाकू, बॅटरी पुन्हा उभी राहील.”

हा सल्ला आमच्याकडे सर्रास दिला जातो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. कडक ॲसिड टाकल्यावर हायड्रोमीटर लगेच वर चढतो आणि ग्राहकाचे समाधान होते. प्रत्यक्षात हरवलेला सल्फेट कोठेही गेलेला नसतो. तो पट्ट्यांवरच असतो. पुढे चार्जिंगने त्यातला काही जरी सुटला, तरी घनता १.३०० कडे जाते. त्या ॲसिडाची वाहकता काही वाढलेली नसते, उलट सर्वोत्तम बिंदूपासून ते दूर गेलेले असते, आणि सळ्या व विभाजक (पट्ट्यांमधले पडदे) यांचे आयुष्य मात्र घटते. हिशेबाच्या वहीत येणी वसूल न करता शिल्लक वाढवून लिहावी, तसा हा प्रकार आहे. मेकॅनिकला मी चहा दिला आणि ॲसिड टाकू दिले नाही. त्याऐवजी पाच अँपिअरच्या साध्या चार्जरवर बॅटरी चार दिवस सावकाश चार्ज केली, एक दिवस उतरवली, पुन्हा चार्ज केली. पाच सेल १.२३० च्या वर आले. तिसरा सेल १.१९५ वर अडला तो अडलाच. नवी असतानाही हा सेल इतरांपेक्षा पाच अंकांनी मागे होता. तेव्हा मी ते वहीत लिहिले आणि दुकानदाराला सांगायचे टाळले, ही चूक माझी.

लिथियमच्या बॅटरीशी तुलना केल्याशिवाय आजकाल असे लेखन पुरे होत नाही. माझ्या धाकट्या भावाने नागपूरला लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. ती त्याने एका हाताने उचलून दाखवली, आणि बॅकअप माझ्या दीडशेच्या बॅटरीइतका मिळतो. आयनांच्या दृष्टीने पाहिले तर लिथियमची बाजू लंगडी असायला हवी होती. लिथियम सर्वांत हलका धातू, त्याचा आयन इवलासा. तरीही पाण्यात तो सोडियमपेक्षाही मंद चालतो, कारण एवढ्याशा आकारावर एकवटलेल्या प्रभारामुळे तो भोवतीचे रेणू घट्ट धरून ठेवतो आणि सगळा लवाजमा घेऊन निघतो. शिवाय येथे पाणी चालतच नाही, कारण सेलमागे तीन व्होल्टहून अधिक दाबाला पाणी फुटते आणि चार्ज झालेले ऋणाग्र तर पाण्याशी थेटच भांडते. त्याऐवजी सेंद्रिय कार्बोनेट द्रावकांत लिथियमचा क्षार विरघळवतात, आणि त्या द्रावणाची वाहकता माझ्या ॲसिडाच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्याइतकीच असते.

ही उणीव भरून काढली आहे ती अंतर कमी करून. धातूच्या पातळ पत्र्यांवर मायक्रोमीटरच्या मापातले लेप, मध्ये वीसेक मायक्रोमीटरचा प्लास्टिकचा सच्छिद्र पापुद्रा, आणि सगळे घट्ट गुंडाळलेले किंवा एकावर एक रचलेले. आयन मंद आहेत, पण त्यांना जायचे अंतरच केसाच्या जाडीएवढे आहे. दुसरे म्हणजे येथे क्षार खर्च होत नाही. लिथियम आयन एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूच्या स्फटिकात शिरतात, द्रावण जसेच्या तसे राहते. त्यामुळे जोरात वीज घेतली तरी क्षमता फारशी घटत नाही आणि पाणी भरण्याचा प्रश्नच येत नाही. तसेच हायड्रोमीटर बुडवण्याचीही सोय राहत नाही. बॅटरीच्या आतील नियंत्रक मंडल सांगेल ते खरे मानायचे. भावाच्या बॅटरीने एकदा अचानक काम थांबवले, मोबाइलवरील ॲपमध्ये कारण दिसेना, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत दोन दिवस काय बिघडले ते कोणालाच कळले नाही. किंमत माझ्या बॅटरीच्या दुपटीहून अधिक होती, आणि जुनी शिशाची बॅटरी देताना वजनावर जी चांगली रक्कम वळती होते तशी तिची होईल का, हे दुकानदाराला सांगता आले नाही.

ज्यांच्या घरी वीज रोज दोन-तीन वेळा जाते, भार मोठा आहे आणि पाण्याकडे पाहायला कोणी नाही, त्यांनी लिथियम घ्यावी. ज्यांच्याकडे वीज आठवड्यातून एखाद-दोनदा जाते आणि महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन झाकणे उघडणारा माणूस घरात आहे, त्यांना ट्यूब्युलर अजूनही परवडते. मात्र भार क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे दीडशेला पंधरा अँपिअरपेक्षा, फार वर जाऊ देऊ नये. माझ्या बॅटरीला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण अडकणाऱ्या दांड्यांचा कापला आहे, अर्धा मराठीत एक अक्षरही नसलेल्या माहितीपत्रकाचा, आणि उरलेला अर्धा तिसऱ्या सेलचा.

या पंधरवड्याची नोंद अशी आहे, तापमान ३१ अंश, पूर्ण चार्ज झाल्यावर: १.२३०, १.२३०, १.२००, १.२३०, १.२२५, १.२३०. प्रमाणशीर सवलतीची मुदत मार्च २०२६ पर्यंत आहे. दुकानाचे बिल थर्मल कागदावरचे असल्याने त्यावरील तारीख आता जेमतेम वाचता येते. तिची झेरॉक्स काढून मी वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवून ठेवली आहे.